चित्रातलं हिरवं दार

बर्नी पास्तोरेकच्या घरापुढच्या हिरवळीवर सात गाड्या मावायच्या. आठवी लावायची तर गुलाब चिरडायला लागले असते, आणि तेवढं तिने नवऱ्यालाही कधी करू दिलं नाही. स्टोकर्सचा, म्हणजे आमच्या गावच्या फुटबॉल संघाचा, सामना घरच्या मैदानावर असला की सकाळी आठला बर्नी रस्त्याच्या कडेला हजर. डोक्यावर नारिंगी टोपी, हातात हातभर लांब, वाढायचा डाव. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं याच डावाने तिने पोरांना वाढलं होतं. निवृत्त होताना शाळेने तिला घड्याळ दिलं, डाव तिने आपणहून घेतला. त्या डावाने ती गाड्यांना असं वळवायची की वाहतूक पोलिसाने शिकून घ्यावं.

हिकरी स्ट्रीटवर तेव्हा प्रत्येक घराची माणसं ठरलेली होती. स्टेडियम गल्लीच्या टोकाला, त्यामुळे सामन्याला येणारे आमच्याच अंगणांत गाड्या लावायचे. वीस डॉलर आणि वर ताटभर कोबी-शेवया. शेजाऱ्याचं गिऱ्हाईक पळवायचं नाही, हा एकच कायदा. बर्नीकडे दोनशे मैलांवरून एक जोडपं यायचं. आधी नुसतं जोडपं, मग पोरांसह, मग नातवंडांसह. बर्नीचा नवरा गेला तेव्हा ते दोघं भर आठवड्यात, सामना नसताना आले होते. असलं काही कुठल्या हिशोबात बसत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मी शेजारचा. मिलो हुडाक. याच भागात एकतीस वर्षं टपाल वाटलं. बर्नीच्या घराची एक किल्ली माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असायची, स्टोकर्सच्या नारिंगी कडीत अडकवलेली. सामन्याच्या दिवशी पहाटे मी तिचं गॅरेज उघडून टेबलं बाहेर काढायचो आणि शेगडी पेटवायचो. ती यायची ती थेट मीठ चाखायला. "मिलो, पाणी उकळलं का? तुझ्या भरवशावर राहिले तर लोक हरून परत येतील तरी शेवया कच्च्याच!" असं ती दर वेळी म्हणायची आणि पाणी दर वेळी उकळलेलं असायचं.

मग संघाच्या मालकाला छत हवंसं झालं.

तसं छत कोणाला नको होतं? डिसेंबरात सरोवरावरून वारा सुटला की आमच्या उघड्या स्टेडियममध्ये बिअर गोठायची. बर्नीच्या पायाचं एक बोट एका सामन्यात असं काळंनिळं पडलं की डॉक्टरने तिची कानउघाडणी केली. पण छत म्हणजे नवं कोरं घुमटवालं स्टेडियम, आणि त्यातला निम्मा पैसा जिल्ह्याने द्यायचा. म्हणजे आम्ही. तीस वर्षं, प्रत्येक खरेदीवर थोडा थोडा जादा कर. त्यासाठी मतदान होणार होतं. मतं मिळाली नाहीत तर संघ दुसऱ्या शहराचा विचार करील, अशी पुडी मालकाच्या माणसांनी आधीच सोडून दिली होती. इकडचे दोन कारखाने असेच विचार करत करत गेले होते. आम्ही घाबरलो.

ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात सगळी गल्ली तळलेले मासे खायला जमते. तिथे क्लार्क डेलेनी आला. क्लबचा जनसंपर्काचा माणूस. कोट साधा, दात महाग. त्याने मासे खाल्ले, सगळ्यांची नावं विचारली आणि मग एक मोठं चित्र उलगडलं. तेव्हा जिथे क्लबचं वाहनतळ होतं तिथे पांढरा घुमट, वर निळं आकाश, आणि खाली कोपऱ्यात हिकरी स्ट्रीट. झाडांसकट. घरांसकट.

बर्नी हातातली ताटली घेऊनच उठली. "अगं बाई! हे माझं दार!"

खरंच होतं. चित्रात तिचं हिरवं दार होतं, पुढचे गुलाबसुद्धा. डेलेनी हसून म्हणाला, "बर्नी, तुम्हाला चित्रातून काढून स्टेडियम बांधता येईल का?"

लोक टाळ्या वाजवायला लागले. तेवढ्यात मागून ऑगी बोलला. ऑगी म्हणजे बर्नीचा थोरला भाऊ, शाळेत गणित शिकवायचा.

"एक विचारू का? वर्षात रविवार बावन्न. त्यातले घरच्या मैदानावर नऊ. उरलेल्या दिवसांत त्या छताखाली काय करणार?"

"गाण्याचे मोठे कार्यक्रम होतील. प्रदर्शनं. हजारो माणसं येतील, पैसा खर्च करतील."

"कार्यक्रम आजही गावातल्या सभागृहात होतात. ते तिथून उचलून इथे आणणार. आणि माणूस त्या दिवशी जो पैसा तुमच्याकडे उडवेल, तो एरवी बोलिंगला नाहीतर पिझ्झाला उडवलाच असता. या खिशातला त्या खिशात. बरं, धंदा एवढा फायद्याचा आहे तर मालक सगळा पैसा स्वतःच का घालत नाही? फायदा कोणी वाटून देतं का?"

डेलेनीचे दात क्षणभर ओठांआड गेले. पण उत्तर द्यायची वेळ त्याच्यावर आलीच नाही. बर्नी उसळली.

"ऑगी, तुझं आयुष्य गेलं वजाबाकी करण्यात! संघ गेला तर काय करशील? रविवारी फळ्यासमोर बसशील?"

सगळे हसले. ऑगीही हसला. हातातला कागद उचलून म्हणाला, "मतपत्रिकेचा मसुदा वाचलाय मी. यात जागा लिहिलेली नाही. नुसतं 'जिल्ह्यात' म्हटलंय."

"चित्र बघ की मग! डोळे फुटले का तुझे? माझं दार दिसतंय त्यात!"

आमच्याकडे वकिलाच्या कागदापेक्षा तोंडावर दिलेल्या शब्दाला किंमत. गिरणीतल्या नोकऱ्या तशाच मिळाल्या, लग्नं तशीच जमली. तळघरात सर्वांसमोर, मासे खाता खाता माणूस बोलला, म्हणजे झालं. म्हणून कोणी तो कागद मागितला नाही. मी तर ऑगीच्या शेजारीच बसलो होतो. मीही नाही मागितला.

क्लबचा एक जण त्या दिवशी सगळं चित्रित करत होता. बर्नीने मासे वाढायला आणलेला डाव कॅमेऱ्याकडे उगारून ठणकावलं, "स्टोकर्स कुठेही जाणार नाहीत! ते हिकरी स्ट्रीटवरच राहणार!"

मग अकरा शनिवार तिने दारं वाजवली. दोनशे बारा दारं. सोबत मी, कारण कोणाचा कुत्रा चावतो आणि कोणाची बेल बंद आहे हे टपालवाल्याला पाठ असतं. पत्रकांची पिशवी माझ्या खांद्यावर. दार उघडलं की ती चित्र पुढे धरायची. "हे बघ माझं घर, हे तुझं. सामने इथेच होणार. मी शब्द देते." लोकांनी क्लबवर विश्वास ठेवला असं मला वाटत नाही. बर्नीवर ठेवला. पोटभर वाढणाऱ्या बाईवर कोण संशय घेणार?

आता माझं सांगतो. मतदानाच्या दिवशी शाळेच्या व्यायामशाळेत मी मतपत्रिकेवर 'नाही'वर खूण केली. ऑगीचा शेवटचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलाच नव्हता. फायदा कोणी वाटून देतं का? बाहेर बर्नी उभी होती. माझ्या कोटावर नारिंगी चकती चिकटवत तिने विचारलं, "झालं काम?"

"झालं," मी म्हणालो.

प्रस्ताव जेमतेम सहाशे मतांनी मंजूर झाला आणि सगळ्यात जास्त 'हो' आमच्या भागातून निघाले. बर्नीच्या गॅरेजमध्ये गल्लीभर जेवणं झाली. ऑगीही आला, दोनदा वाढून घेतलं.

सव्वा वर्षाने बातमी आली. घुमट होणार सतरा मैलांवर, महामार्गाच्या कडेला. मालकाने तिथे आधीच जमीन घेऊन ठेवली होती. हॉटेलं त्याची, दुकानं त्याची, वाहनतळ त्याचं. बर्नीने डेलेनीला फोन लावला. चार दिवसांनी तो मिळाला. ती स्वयंपाकघरात उभी राहून बोलत होती आणि मी समोर बसून ऐकत होतो.

"तुम्ही चित्र दाखवलं होतं," ती म्हणाली. मग पलीकडचं ऐकून घेतलं. फोन ठेवून तिने कपाटातून भिंग काढलं आणि चित्राची गुंडाळी टेबलावर पसरली. खाली काठाला मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: चित्रकाराची कल्पना.

"माझं दार कल्पना आहे म्हणे," ती म्हणाली.

पुढचं कोणालाही सांगता येईल. जुनं स्टेडियम पाडलं. अंगणं रिकामी पडली. कर मात्र गल्लीने पाव आणताना भरला आणि औषध आणतानाही भरला. घुमटाचा खर्च फुगला, जिल्ह्याला हप्ते झेपेनात, मग आमचा पोहण्याचा तलाव बंद झाला आणि बसही. ते दोनशे मैलांवरचं जोडपं एकदा चुकून इकडे वळलं, बर्नीला भेटून रडलं आणि साठ डॉलरला गाडी लावायला महामार्गाकडे गेलं. हा जमाखर्च कळायला ऑगीची गरज नव्हती. आम्ही घरी बसून बघत होतो.

घुमटातल्या पहिल्या सामन्याला क्लबने बर्नीला फुकट तिकिटं पाठवली. दोन. ती जाणार नाही असं मला वाटलं होतं. "एकदा बघू तर दे, कशासाठी विकलं मी सगळ्यांना," ती म्हणाली. आम्ही माझ्या गाडीने गेलो.

आत उबदार होतं. बाहेर बर्फ, आत लोक अर्ध्या बाह्यांत. बर्नी कोट मांडीवर घेऊन बसली, काय करावं ते न सुचलेल्या माणसासारखी. सामना सुरू व्हायच्या आधी दिवे मंद झाले आणि समोरच्या प्रचंड पडद्यावर बर्नी आली. चार मजली. डाव उगारलेली.

"स्टोकर्स कुठेही जाणार नाहीत!"

आणि तेवढ्यावरच चित्र बदललं. सत्तर हजार माणसं उठून ओरडली. शेजारच्या बाईने तिला ओळखलं, फोटोसाठी गळ्यात हात टाकला. बर्नीने फोटो काढू दिला. मध्यंतराला आम्ही उठलो.

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "मी पुढचं बोलले होते ना रे? हिकरी स्ट्रीटवरच राहणार, असं?"

"बोलली होतीस. मी होतो तिथे."

"मग बरं. मला वाटलं, मीच खोटं बोलले की काय."

पुढच्या शनिवारपासून ती पुन्हा दारं वाजवायला लागली. या वेळी एकटी. पहिल्या दिवशी मी कोट घालून बाहेर आलो तर म्हणाली, "नको. पिशवी नाहीये आज." प्रत्येक दारात तेच वाक्य. "मी तुमच्याकडे मत मागितलं होतं. मी शब्द दिला होता. चुकलं माझं." कोणी आत बोलावलं. एकाने दार लावून घेतलं. ज्या बाईची मुलं तलावावर पोहायला जायची, ती म्हणाली, "तुझं काय चुकलं?" पण तिचा हात दारावरच होता. ऑगीने कॉफी दिली आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या. तो 'मी सांगितलं होतं' म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं तिने मला नंतर सांगितलं.

हे सांगितलं ते कित्येक शनिवारांनंतर, माझ्याच दारात उभं राहून. दोनशे बारावं दार माझं होतं.

"तुझ्याकडेही यायलाच हवं, मिलो. तूही माझ्या शब्दावर मत दिलंस."

तिचा चेहरा थंडीने आणि लाजेने उतरला होता. मला वाटलं, एक तरी ओझं हलकं करू. अक्कल गहाण पडली होती माझी.

"माझी माफी नको मागूस. मी 'नाही' म्हणून मत दिलं होतं."

"कधी ठरवलंस?"

"ऑगी बोलला त्याच दिवशी."

"मासे खाताना."

"हो."

"आणि मग अकरा शनिवार माझी पिशवी वाहिलीस?"

"तुझा हिरमोड करवेना, बर्नी. इतकी खूश होतीस तू."

"ऑगीचं मी लहानपणापासून ऐकत नाही. सगळ्या गल्लीला माहीत आहे." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर मला झेपलं असतं. "तुझं ऐकलं असतं रे. तू एकदा तोंड उघडायला हवं होतंस."

मी काही बोलायच्या आत ती स्वयंपाकघरात गेली. खिळ्यावरची किल्ली तिने स्वतःच काढली. गारठलेल्या बोटांना ती नारिंगी कडी उघडेना. मी हात पुढे केला तर तिने अंग वळवलं. शेवटी दातांनी उघडली. किल्ली कोटाच्या खिशात टाकली आणि रिकामी कडी माझ्या तळहातावर ठेवली.

"ही तुझी आहे," ती म्हणाली आणि गुलाबांना वळसा घालून घरी गेली.