माणसाएवढा टीव्ही

आमच्या ह्यांना, प्लासिडना, नसत्या उठाठेवी करायची खोडच. केळीची वाडी बघणारा माणूस, पण नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा करण्यात अख्ख्या वसईत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. शहाऐंशी साली मात्र मला म्हणाले, "रोझमेरी, यंदा गोठा नाही. टीव्ही करायचा."

आमच्या आळीला तेव्हा टीव्हीचं खूळ लागलं होतं. संध्याकाळी क्रुसापाशी रोझरीच्या प्रार्थनेला चार म्हाताऱ्या उरायच्या. पोरांनी विरारहून भाड्याचा व्हिडिओ आणला की बाकी सगळे त्याच्यापुढे. प्लासिड नुसते चरफडायचे. मग त्यांनी बेत आखला: माणूस बसेल एवढं लाकडी खोकं, पुढे काच, आत दिवा. प्रत्येक घरातून एकाने आत बसायचं आणि घरी करतो तेच काम करायचं. बाकीच्यांनी आपापल्या खुर्च्या आणून बघायचं.

"मेले एकमेकांची तोंडं तरी बघतील," ते म्हणाले.

पैसा कुठे होता? लुईस सुतार मयताच्या पेट्या करायचा, त्याने उरलेल्या फळ्या दिल्या. त्या अंगणात येऊन पडल्या तेव्हा मी क्रुसाची खूण केली. पोरं मध्येच घुसू नयेत म्हणून मागच्या दाराला त्यांचा हात पोचणार नाही अशी उंच कडी लावली, तीही बाहेरून.

"अहो, आतल्या माणसाला बाहेर यायचं झालं तर?"

"काच ठोकेल की. समोर अख्खी आळी बसलेली असणार."

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी.

पहिलं नाव दिलं सॅन्टनकाकांनी. आळीच्या टोकाला एकटेच राहायचे, छातीचं दुखणं घेऊन. मुलगा व्हिन्सेंट दोन घरं अलीकडे, पण नवा टीव्ही आणल्यापासून बापाकडे फिरकला नव्हता, मेल्याला लाज नाही. काका मला म्हणाले, "पोरी, मी आत बसलो तर व्हिन्सेंट बघायला येईल ना?" त्यांनी लग्नातला कोट उन्हात वाळत टाकला होता. त्यांना नको म्हणायला माझी जीभ रेटेना.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळी आळी लोटली. व्हिन्सेंट खुर्ची घेऊन पहिल्या रांगेत. काकांनी आतून त्याला पाहिलं आणि हसले. मग केळीच्या सोपाची, खोडाच्या वाळक्या सालीची दोरी वळायला लागले. लोक शेंगा खात बघत होते.

जरा वेळाने काकांचे हात थांबले. एक हात छातीवर गेला, दुसऱ्याने ते काच ठोकायला लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "काय ॲक्टिंग करतो म्हातारा," कोणीतरी म्हणालं. काका आणखी जोरात ठोकायला लागले, टाळ्याही वाढल्या. मी ओरडले, पण त्या गोंगाटात माझं कोण ऐकणार.

प्लासिड मागे धावले, कडी काढून आत शिरले. काकांचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं, तोवर सगळं आटोपलं होतं. प्लासिडची पाठ काचेकडे होती, आणि ती रडताना हलत होती.

व्हिन्सेंट खुर्चीतूनच ओरडला, "प्लासिड, बाजूला हो ना. माझा बाबा दिसत नाही."