साहेबाचं ‘निकल’

दुबईतलं आमचं ऑफिस इमारतींच्या बांधकामाची वेळापत्रकं आखून द्यायचं. २००८ची मंदी आली आणि इमारतीच थांबल्या, मग वेळापत्रक कसलं आखणार, कपाळ? रोज कोणी ना कोणी खोक्यात आपला कप आणि मुलांचे फोटो भरून निघालेलं दिसायचं. नोकरी गेली की व्हिसाही जायचा आणि महिन्याभरात देश सोडावा लागायचा. माझी मुलगी तेव्हा दहावीत होती. तिची बोर्डाची परीक्षा होईपर्यंत तरी आपली खुर्ची टिकू दे, एवढंच मी देवाकडे मागत होतो.

आमचा साहेब अमेरिकन. माणूस दिलदार, पण त्याला दोन खोडी होत्या. एक म्हणजे जगातली प्रत्येक गोष्ट तो त्यांच्या फुटबॉलच्या भाषेत सांगायचा. त्या फुटबॉलमध्ये चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो, हे पचायलाच मला वर्ष लागलं. दुसरी खोड, ड्रायव्हर लोकांकडून उचललेलं हिंदी. ‘चलो’, ‘जल्दी’, ‘खलास’ हे शब्द तो हक्काने वापरायचा आणि हटकून भलत्या जागी.

एका दुपारी त्याने उरल्यासुरल्या सगळ्यांना मीटिंगला बोलावलं. बोर्डवर गोल आणि फुल्या काढल्या आणि नव्या टीममध्ये कोण कुठे, ते बोट दाखवत सांगू लागला. ‘यू, लाइन. यू, कॉर्नर.’ माझ्यापाशी आला, खांद्यावर जोरात थाप मारली आणि हसत म्हणाला, ‘अँड यू, माय फ्रेंड, निकल!’

शेजारचा हैदराबादी सहकारी एकदम आपल्या बुटांकडे बघू लागला, म्हणजे त्यानेही तेच ऐकलं होतं. इतकी वर्षं घासली आणि शेवटी दुकानातून कुत्रं हाकलावं तसं ‘निकल’? तेही हसत? मला इतका संताप आला की काही विचारायचंही सुचलं नाही.

अल नहदाच्या ट्रॅफिकमधून कसाबसा घरी पोचलो. बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले.

‘जाऊ की पुण्याला. त्यात काय एवढं! पोरीची परीक्षा तेवढी होऊ दे म्हणावं.’

तिचा शांतपणा बघून मलाही धीर आला. खरंच, मी मनात म्हटलं, हिच्याइतकं खंबीर आपल्याला होता आलं तर!

सकाळी साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन मी घोकलेलं वाक्य म्हटलं, ‘सर, आय विल गो. ओन्ली, गिव्ह मी टाइम टिल मार्च.’

‘गो व्हेअर?’

‘इंडिया. यू सेड निकल.’

तो आधी गोंधळला, मग ‘निकल’चा हिंदी अर्थ कळल्यावर टेबलावर डोकं टेकून हसला. नंतर मात्र त्याने पाणी प्यायचे अकरा कागदी पेले आणवले आणि टेबलावर मांडले. बचाव करणाऱ्या संघाचे चार दांडगे गडी पुढे, रेटायला. त्यांच्यामागे तिघे. सगळ्यात मागे चार चपळ, लांब फेकलेला चेंडू अडवायला. पण समोरच्यांनी चेंडू झेलणारे वाढवले, की मधल्या तिघांतला एक बाहेर आणि मागे पाचवा चपळ गडी आत. त्यांच्या पाच सेंटच्या नाण्याला निकल म्हणतात, म्हणून हा पाचवा निकल. याने लांबचा चेंडूही अडवायचा आणि कोणी चेंडू छातीशी धरून घुसलाच तर त्याला लोळवायचंही. शिवाय चेंडू हलेपर्यंत आपण कुठे धावणार, याचा कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

मी कॉलेजात कबड्डी खेळलोय, कव्हरला. चढाईवाला कोपऱ्याकडे वळला की आपण सरकायचं, तो परत फिरला की त्याची वाट बंद करायची. एका जागी खांबासारखा उभा राहणारा कव्हर काय कामाचा? मग असं सांगा ना राव, असं मला म्हणावंसं वाटलं.

‘आता बिल्डिंगा कमी, भांडणं जास्त,’ साहेब इंग्रजीत समजावत होता. ‘तू वेळापत्रकंही करायचीस आणि कंत्राटदारांचे दावेही बघायचेस. दोन्ही जमणारा इथे तूच आहेस. तू कुठेही जात नाहीयेस, हबीबी.’

केबिनबाहेर आलो. इतकं हलकं मला मुलगी झाली त्या दिवसानंतर वाटलं नव्हतं. जिन्यात जाऊन बायकोला फोन लावला आणि पेल्यांसकट सगळं सांगितलं. पलीकडून हसू येईल म्हणून थांबलो.

‘अगं, ऐकतेयस ना? नोकरी आहे. जायचं नाहीये आपल्याला.’

मग ती रडायला लागली. हमसून हमसून, लहान मुलीसारखी. मला वाटलं आनंदाने रडतेय.

‘मला नव्हतंच रे जायचं,’ ती म्हणाली. ‘तिकडे सासरी सगळ्यांच्यात परत... इथे निदान माझं स्वयंपाकघर माझं आहे. काल तुझा चेहरा बघून बोलले नाही.’