भिंतीकडची गौर मीच उपटली

मंडळी, आज हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत पावसाळ्यात रान माजतं. डास होतात म्हणून परवा मी, कमिटी मेंबर, माळ्याला सांगून सगळं उपटून टाकलं. वर सोसायटीच्या ग्रुपवर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो टाकले. एकदम झकास वाटलं होतं.

आज गौरी यायच्या. सकाळी तळमजल्यावरच्या सावंतकाकू नवी साडी नेसून, सूप आणि हळदकुंकू घेऊन मागे गेल्या, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. त्या रानात तेरडा होता. काकूंनी गावाहून बी आणून टाकलेला. दरवर्षी तोच मुळासकट काढून त्या गौर म्हणून घरात नेतात. मुळं म्हणजे तिची पावलं.

मी धावत बाजारातून तेरड्याची जुडी आणली. काकूंनी ती उलटी करून पाहिली. विकणारीने देठ खालून साफ छाटलेले.

"हिचे पाय खंय?"

मला रडूच आलं. "काकू, मागचं सगळं मीच काढायला लावलं."

"माहीत आसा. ग्रुपवर फोटो बघलंय. एखादो तरी उरलो आसात म्हणान इलंय."

मग त्यांनी सूप माझ्याच हातात दिलं. "चल. पाय नाय, चालाक येना नाय, तर उचलून नेऊया तिका."

फोटो मी डिलीट केलेत. कुणाच्या गावी रानतेरड्याचं बी मिळेल का? काकूंकडे मागायची माझी हिंमत नाही.