मधल्या रांगेतला आवाज

मला एका जागी बसवत नाही. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलीस, असं आई म्हणते. त्या दुपारी कल्याणच्या विहारात तर माझ्या येरझारा थांबतच नव्हत्या. गळ्यातली गाठ काढल्यानंतर आई पहिल्यांदाच माइकवर गाणार होती. आवाज हळूहळू येईल, कदाचित थोडा बदलेल, असं ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. आईने मात्र ठरवूनच टाकलं होतं: आता सरावाला जमलं नाही, तर संध्याकाळी बुद्धपौर्णिमेला गायचं नाही, आणि पुढेही कधीच नाही.

तिने पहिली ओळ घेतली. मधल्या सतरंजीवर बसलेल्या मावशीचा चेहरा पडला. मीही तिच्याजवळच होते. डब्यात तोंड घालून गावं तसा पोकळ आवाज. स्पीकरच्या मागे उभ्या आईला स्वतःचं गाणं नीट कळत नव्हतं, पण आमची तोंडं दिसत होती.

"झालं माझं," तिने माइक खाली ठेवला.

"थांब गं! तीच ओळ परत म्हण," म्हणत मी चालायला लागले.

"अगं, बस ना जरा!" मावशी वैतागली.

बसतेय कसली! डाव्या स्पीकरच्या खोक्यापाशी गेले, तर आवाज भरीव. उजव्यापाशीही तसाच. मध्ये आले की पुन्हा पोकळ.

डोंबिवलीत क्लासमध्ये मी विज्ञान शिकवते, तरी डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. स्पीकरमध्ये चुंबकाजवळ तारेचं वेटोळं असतं, त्याला कागदाचा पडदा चिकटवलेला. तारेतून येणारी वीज बदलते तसं वेटोळं पुढे-मागे हलतं, कागद हवा ढकलतो, ओढतो, आणि आपल्याला गाणं ऐकू येतं. एका खोक्याच्या तारा उलट लागल्या, की एक कागद ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. मधोमध बसणाऱ्यापर्यंत येईस्तोवर दोघं एकमेकांचं बरंचसं काम पुसून टाकतात.

अँप्लिफायर बंद करून मागे वाकले. उजव्या खोक्याची लाल तार काळीच्या जागी होती. मी पटापट तारा बदलल्या. आईचा गळा धड होता!

"आता म्हण!"

आवाज भरून आला, अगदी मधोमध. मावशी हसली. मग आई अंतऱ्याला वर चढली आणि तिचा सूर चिरला. पूर्वी कधीच चिरत नसे. मला रडूच आलं. तरी मी पुन्हा तारांशी वाकले.

"राहू दे," आई म्हणाली. "हा सूर माझाच आहे आता. पेटीवाल्याला सांग, संध्याकाळी एक पट्टी खाली धरायची."