लानश्यांगचा नेम

साठीला टेकलेली विधवा रोज दुपारी नवरी होते आणि गावात कुणाच्या भुवया वर जात नाहीत, हे आमच्या शीथानमध्येच घडू शकतं.

थंडीत ह्वांगशानच्या शिखरांवरचा बर्फ पाहायला शांघायकडून सहलीच्या बसेस येतात. वर मनसोक्त कुडकुडून झालं, की मंडळींना खाली आमच्याकडे आणतात, प्राचीन गाव दाखवायला. गाव प्राचीन आहे यात वाद नाही. अर्धं मात्र गेल्या दहा-बारा वर्षांतच प्राचीन झालंय. त्या नव्याकोऱ्या प्राचीन भागात एक माडी आहे. तिथे लाल ओढणीने तोंड झाकलेली नवरी येते आणि खालच्या गर्दीत रेशमी चेंडू फेकते. झेलेल तो नवरा. त्याने वर जायचं, नवरीसमोर तीनदा वाकायचं, फोटो काढायचा, पैशांचं लाल पाकीट ठेवायचं आणि बसमध्ये जाऊन बसायचं. ओढणीला मात्र हात लावायचा नाही. "ओढणी खऱ्या नवऱ्यानेच उचलायची, हा इथला जुना रिवाज!" असं गाईड मुलगी न्ये भोंग्यातून बजावते.

रिवाज कसला डोंबलाचा! थंडीत त्या वाऱ्यात उभं राहायला एक तरुण पोरगी तयार होईना, म्हणून मॅनेजरने बाओ लानश्यांगला गाठलं. ती अंगाने काडी. पाठमोरी अठराची दिसते, आणि समोरून ओढणी असतेच.

एरवी लानश्यांग पुलाच्या तोंडाशी केसाळ टोफू तळते. टोफूवर पांढऱ्या बुरशीची लव आली, की आम्ही त्याला पिकला म्हणतो आणि शहरातल्या बायका नाक मुरडून चार थाळ्या संपवतात. तिचा नवरा सुतार होता. जिवंतपणी तो फारसा बोलत नसे, त्यामुळे गेल्यावर घरात तसा मोठा फरक पडला नाही. मुलगी हांगचौला. ती फोनवर 'आई, इकडे ये' म्हणायची आणि आई 'सिग्नल जातोय' म्हणायची.

आणि एक ग्वान. सहलीच्या बसचा ड्रायव्हर, उंच, विधुर, बोलायला महाग. बस लावली की तो लानश्यांगच्या टोफूवर यायचा, खायचा, "आज मीठ बरं आहे" म्हणायचा आणि शेवंतीच्या चहाचा थर्मास काखेत मारून पुलापलीकडच्या कापूर झाडाखाली जाऊन उभा राहायचा. थर्मासला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. चेंडूचा खेळ त्याला पोरखेळ वाटे. माडीवर कोण असतं हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं, एकट्या ग्वानला नव्हतं. लानश्यांग रोज त्या वेळी "सोयाबीन आणायला" जाते, एवढंच त्याला माहीत.

यंदा थंडी सरताना तो नेहमीसारखा आला.

"ग्वानदादा, पुढच्या खेपेला तुमच्यासाठी मुळे वाळवून ठेवते," लानश्यांग म्हणाली.

"पुढची खेप नाही. वसंतात नवा ड्रायव्हर येईल. मुलगा म्हणतो, लोयांगला ये, नातू सांभाळ."

"मुलगा म्हणतो ते कळलं. तुम्ही काय म्हणता?"

ग्वानने तुकडा तिखटात बुडवला, चावला, गिळला. "आज मीठ बरं आहे," म्हणाला आणि थर्मास घेऊन निघून गेला.

समोरच्या दारात हू वहिनी लाकडी पिंपात बसली होती. पिंपाच्या तळाशी निखारे, वर जाळी, जाळीवर वहिनी. थंडीत ती तिथून फक्त जेवायला उठते.

"मीठ बरं आहे म्हणे!" वहिनी म्हणाली. "पहिला नवरा मुका मिळाला तुला, आणि हा मिठाचा व्यापारी. अगं, तूच बोल की!"

"मी बोलले तर त्याच्या कानात शिरायच्या आधी तुझ्या तोंडून गावभर होईल."

"ते तसंही होणारच आहे. बोलायचं नसेल तर चेंडू मार. तेवढ्यासाठी तर ठेवलाय तुला माडीवर."

लानश्यांगने तिला वेड्यात काढलं. मग परसात जाऊन कोबीचे गड्डे कोंबड्यांच्या खुराड्यावर फेकत बसली. कोंबड्यांनी त्या दिवशी अंडी दिली नाहीत.

दुपारी ती माडीवर आली. पायाशी झग्याच्या आत निखाऱ्यांची टोपली. आमच्याकडच्या बाया बाहेर निघताना एकवेळ जोडे विसरतील, बांबूची ही टोपली विसरणार नाहीत. तिच्याच उबेवर बाजार होतो, भांडणंही होतात.

"लग्न न झालेले पुढे या!" न्ये भोंग्यातून ओरडली. "झालेलेही चालतील, बायकोला मागे ठेवा!"

ओढणीच्या विणीतून लानश्यांगने कापूर झाड शोधलं. झाडाखाली उंच आकृती, काखेत थर्मास. तिने दात आवळले आणि सगळा जीव एकवटून चेंडू भिरकावला. गर्दीच्या डोक्यांवरून, पुलावरून, थेट त्याच्या छातीच्या रोखाने.

आणि ग्वान वाकला. उभा जन्म समोरून येणारी वस्तू चुकवण्यात गेलेला माणूस, दुसरं काय करणार? चेंडू त्याच्यामागे, लघवी करून परतणाऱ्या एका पेन्शनर गृहस्थांच्या हातात बसला. त्यांची बायको म्हणाली, "घेऊन जा गं बाई. मी पुष्कळ सांभाळलं."

लोक हसत होते आणि लानश्यांगला खाली पाहवत नव्हतं. त्यामुळे फेकण्याच्या झोकात आपण टोपली लवंडली, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. झग्याच्या घेरातून धूर निघाला. सहलीची मंडळी टाळ्या वाजवत फोन उंच धरून उभी राहिली.

"हा आमचा प्राचीन धूप!" न्येने भोंग्यातून ठोकून दिलं.

धुराचा वास कुठला आहे, हे ड्रायव्हरला सांगावं लागत नाही. ग्वान पुलावरून धावत आला, जिन्यात पेन्शनर नवरदेवाला कोपराने बाजूला सारलं आणि ज्या थर्मासला कुणी शिवायचं नाही, तो अख्खा त्याने नवरीच्या झग्यावर उपडा केला. झग्यावर ओल्या शेवंत्या चिकटल्या. मग भाजलंबिजलं का पाहायला त्याने ओढणी उचलली.

"तुम्ही?"

"मग कोण?"

"टोफूवर कोण आहे?"

"आग लागो त्या टोफूला!"

ग्वानने वळून पुलापलीकडच्या कापूर झाडाकडे पाहिलं. "चेंडू माझ्याकडे फेकलात?"

"नेम चुकला," लानश्यांग दुसरीकडे बघत म्हणाली.

"नाही चुकला. मी वाकलो."

खालून पिंपातून आवाज आला, "ओढणी कुणी उचलली ते सगळ्यांनी पाहिलंय हं!"

ग्वानचे कान लाल झाले. त्याने रिकामा थर्मास पुढे केला. "भरून द्याल, लानश्यांगबाई?"

तिने तो दोन्ही हातांनी घेतला. बस त्या दिवशी उशिरा सुटली आणि पेन्शनर गृहस्थ आपली नवरी नेली म्हणून वाटभर कुरकुरत होते.

वसंतात नवा ड्रायव्हर आला. त्याच बसने, अगदी मागच्या सीटवर बसून, ब्रेक कधी दाबायचा ते त्याला ओरडून सांगत ग्वानही आला. सोबत थर्मास, बिछाना आणि सुट्टीपुरता आणलेला नातू.

लानश्यांगने ताजा टोफू तळला. थाळी पुढे सरकवली.

ग्वानने तुकडा चावला. "मीठ कमी आहे," म्हणाला.

नवऱ्याशिवाय असं कोण बोलतं? हू वहिनी पिंपातून उठली आणि दोघांचं लग्न झालं म्हणून गावभर सांगून आली.