मी वाचून दाखवलेले शेरे

मी कमी बोलतो, असं लोक माझ्याबद्दल कौतुकानं म्हणतात. इतकी वर्षं मीही ते मान खाली घालून ऐकून घेतलं. पन्नाशी जवळ आली, आता सांगून टाकतो. कमी बोलणारा माणूस खोटं बोलला, तर ते खोटं फार दिवस टिकतं. त्याला उलट विचारायला कोणी जातच नाही.

तेव्हा मी चांदा जिल्ह्यात, मूल आणि सिंदेवाहीच्या मधल्या जंगलात, एका डाक बंगल्यावर बाबू होतो. बंगल्यावर कायमची माणसं दोनच. एक मी, एक खानसामा. मी त्यांना चाचा म्हणत असे, ते मला बाबू. वयानं ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, तरी ‘तुम्ही’शिवाय बोलत नसत. घर चांद्याला, पण वीस वर्षं इथल्याच चुलीपुढे गेली होती. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, उर्दू मात्र झकास. कोणत्या साहेबाला तिखट चालत नाही, कोणाला भात मऊ लागतो, हे ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशानं उर्दूत लिहून ठेवत. आमच्या बंगल्याचं खरं दफ्तर म्हणजे ती भिंत.

त्यांची चारोळीची फिरनी! मूलच्या गिरणीतली तांदळाची कणी, म्हशीचं दूध, आणि जंगलातली चारोळी. वैशाखात बाया टोपल्या भरून चार, म्हणजे चारोळीची फळं, आणायच्या. ती फळं धुऊन, वाळवून, कडक बिया जात्यात अलगद फोडाव्या लागत. जातं जरा जोरात फिरलं की आतली चारोळी पिठासारखी होते. चाचा हे काम कोणाच्या हाती देत नसत. मग चारोळीचा भरलेला डबा वर्षभर पुरवायचा.

बंगल्यात एक शेऱ्यांची वही होती. जाताना साहेब लोक तिच्यात इंग्रजीतून काहीबाही लिहीत. ती वाचून दाखवणं माझं काम.

राज्य नुकतंच बदललं होतं. नागपूरकडे बघून बोलणारे साहेब आता मुंबईकडे बघून बोलू लागले होते. त्या थंडीत असेच एक साहेब तीन दिवस राहून गेले. त्यांच्यासाठी मी कंदिलांच्या काचा राखेनं घासल्या, मच्छरदाणीची भोकं शिवली, वाटेच्या कडेच्या दगडांना स्वतःच्या हातानं चुना लावला. मागच्या साहेबांच्या वेळीही लावला होता, त्याच्या मागच्यांच्या वेळीही. साहेबांनी पाच ओळी लिहिल्या. गाडी वळली तसा मी वहीकडे धावलो. साडेचार ओळी फिरनीवर आणि कोंबडीवर. उरलेल्या अर्ध्या ओळीत काय, तर बंगला शांत आहे. शांत! शांत तर जंगल होतं. त्यात माझं काय?

चाचा हात पुसत आले. “काय लिहिलं बाबू सायबानं?”

“बंगला साफ हाय म्हणते. दिवे चांगले.”

“आन् खाण्याचं?”

“खाण्याचं काई नाई.”

झालं इतकंच. चाचा म्हणाले, “असू द्या. घाईत असन,” आणि भांडी घासायला गेले. मला वाईट वाटलं का? खरं सांगतो, तेव्हा बरं वाटलं. एकट्यालाच कशाला अशी वागणूक, दोघांनाही सारखी मिळाली!

पण एकदा असं वाचल्यावर पुढच्या वेळी खरं कसं वाचणार? त्या हंगामात असे अकरा शेरे झाले. अकराही वेळा बंगला साफ निघाला आणि खाण्याचं काही नाही.

चाचा आधी दोनदा विचारत, मग एकदा, मग विचारायचं थांबले. फिरनीतली चारोळी अर्ध्यावर आली. मसाला पाट्यावर वाटला जायचा, तो डब्यातून पडू लागला. तांदूळ निवडायचे राहू लागले. आणि गंमत बघा, हे सगळं जेवत कोण होतं? साहेब आठवड्यातून दोन दिवस. मी रोज दोन वेळा.

“चाचा, वरण पातळ झालं जी आज.”

“वरण हाय हे समजलं ना तुमाले? बस.”

खडा दाताखाली आला की मी मुकाट्यानं ताटाच्या कडेला ठेवायचो. एका जेवणात सात निघाले. बोलायची सोय नव्हती.

वैशाख आला. टोल्यावरच्या, म्हणजे जवळच्या वस्तीवरच्या, बाया नेहमीसारख्या चाराच्या टोपल्या घेऊन मागच्या दारी बसल्या. मी व्हरांड्यात काचा पुसत होतो. चाचांनी दारातूनच हात हलवला.

“जा बाई. यंदा नाई पाह्यजे.”

त्यातली एक म्हातारी फटकळ होती. “काऊन जी भाऊ? दात पडले का सायबाचे?”

“दात हायेत बाई. जीभ नाई.”

बाया हसत उठल्या आणि टोपल्या डोक्यावर घेऊन परत गेल्या. मला काही हसू आलं नाही. ती जीभ कोणी कापली होती, ते एकट्या मलाच ठाऊक होतं.

दोन दिवसांनी चाचा म्हणाले, “बाबू, मी शनिवारच्या मोटारीनं चाललो. साळ्याचं सायकलचं दुकान हाय चांद्याले, तिथी बसतो. पंक्चर काढलं का माणूस पॅडल मारत जाते, डोळ्यानं दिसते. इथी वीस वर्षं मी काय करून राह्यलो, कोणाले समजलंच नाई.”

ते रागावून बोलले असते तर मी गप्प राहिलो असतो. पण ते अगदी साधेपणानं बोलले, आपलं काहीतरी चुकलं असेल अशा सुरात. गुरुवारी दुपारी ते पेटी भरत होते. मी वही घेऊन स्वयंपाकघराच्या पायरीवर जाऊन बसलो.

“चाचा, थोडं वाचायचं राहून गेलं.”

“आता काय वाचता? मी चाललो.”

मी पहिल्यापासून वाचायला लागलो. एकेक ओळ इंग्रजीत, मग तिचा अर्थ. अशी फिरनी नागपुरातही मिळाली नाही. कोंबडीसाठी पुन्हा दौरा काढावा लागेल. खानसाम्याचा हात सोन्याचा आहे. तिसऱ्या शेऱ्याला चाचा हातातला सदरा तसाच धरून पेटीवर बसले. पाचव्याला म्हणाले, “फिरनीचं पुन्यांदा वाचा.” आठव्या शेऱ्यात सगळी स्तुती करून शेवटी तिखट जरा जास्त होतं असं होतं. मी तेही वाचलं. आता काही गाळायचं नाही असं ठरवलं होतं.

“झूठा हाय तो सायब!” चाचा उसळले. “त्या दिवशी मिरच्या मी मोजून टाकल्या होत्या!”

अकरावा संपला. हातातल्या सदऱ्याची त्यांनी घडी घातली. मग विचारलं, “यात तुमचं काय लिहिलं हाय?”

“काई नाई.”

“दिवे? साफसफाई?”

“ते मी माझ्या मनानं सांगत होतो. एकानं लिहिलं, बंगला शांत हाय.”

“शांत?” त्यांचं पोट हलायला लागलं, मग दाढी, मग डोळ्यांत पाणी आलं. “दगडाले चुना लावू लावू मेला तू, अन् सायब म्हणते शांत!” हसू ओसरल्यावर ते माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, “माझी फिरनी तोंडानं खाल्ली तू, अन् कागदावरची बी खाल्ली.”

त्या दिवसापासून ते मला ‘तू’ म्हणू लागले. ती शिक्षा होती की माफी, मी विचारलं नाही.

मग त्यांनी वही ओढून घेतली, माझ्या खिशातलं पेन मागितलं आणि शेवटच्या शेऱ्याखाली उजवीकडून डावीकडे तीन भरगच्च ओळी उर्दूत लिहिल्या.

“काय लिहिलं चाचा? वाचा ना.”

“कसं वाचू? हाय तसं, का तू वाचत होता तसं?”

त्यांनी घसा खाकरून वाचलं, “बाबू मेहनती हाय. दिवे साफ.” आणि वही मिटली. तीन ओळींचं एवढंसं कसं झालं, हे विचारायला मला तोंड नव्हतं.

पुढे बंगला सोडताना मी त्या ओळी चित्र काढावं तशा कागदावर उतरवून घेतल्या. उर्दू वाचणारे मला खूप भेटले. कोणालाही कागद दाखवला नाही. माझ्या कामावर कोणी लिहिलेलं असं तेवढंच माझ्याजवळ आहे.

शुक्रवारी सकाळी चाचांनी मलाच टोल्यावर पिटाळलं. मला बघताच ती म्हातारी म्हणाली, “उगवली का जी जीभ सायबाले?”

“उगवली बाई. टोपल्या घेऊन चला.”

शनिवारी सडकेवर मोटारीचा भोंगा वाजला. एकदा, मग थांबून पुन्हा एकदा. आम्ही दोघं जात्याशी बसलो होतो. गेल्या साली वाळवून ठेवलेलं थोडं बी निघालं होतं, तेच फोडत होतो. खुंटा पहिल्यांदाच माझ्या हाती दिला होता.

“चाचा, मोटार. अन् सायकलचं दुकान?”

“पंक्चर कुठी पळून जाते का?” ते जात्यावरून नजर न काढता म्हणाले. “हळू फिरव, गधड्या. पीठ करशील.”