साखरबाईंच्या अकरा कॅसेट

१९९३ च्या ऑगस्टमध्ये वरकुट्याच्या साखरबाई गायकवाड पहिल्यांदा आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये आल्या. मी तेव्हा इंदापूरला मराठी शिकवत होतो. त्यांची मुलगी तेजश्री बी.ए.च्या पहिल्या वर्षाला माझ्या वर्गात होती. तेरा वर्षांची असताना मेंदूज्वरात तिची दृष्टी गेलेली. वर्गात ती पहिल्या बाकावर बसायची आणि मान जराशी तिरकी करून ऐकायची.

साखरबाईंच्या हातात वहीचा चतकोर कागद होता. त्यावर मोठ्या, वाकड्या अक्षरांत पाच-सहा शब्द उतरवलेले: चेतनगुणोक्ती, रूपक, स्वगत, प्रथमपुरुषी निवेदन.

"सर, ह्ये शब्द मला सांगा," त्या म्हणाल्या.

"तेजश्रीला मी वर्गात समजावलेत, ताई."

"तिला समजलं असंल. पर पुस्तक मी वाचते. मला न कळता वाचलं, तर तिच्या कानात नुसता आवाज जातो."

साखरबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, तेही पंचवीस-तीस वर्षांपूर्वी. जोडाक्षर आलं की त्या बोटानं दाबून धरायच्या, फोडून वाचायच्या, मग एकदम म्हणायच्या. 'प्रथमपुरुषी' या शब्दाशी तर त्या दोन दिवस अडल्या होत्या. दबक्या आवाजात त्यांनी मला विचारलं, "ह्यो पहिला नवरा का?" मी हसलो. त्याही हसल्या, पण उठल्या नाहीत. तासभर बसून सगळे शब्द समजून घेतले आणि एस.टी. गाठली. त्यानंतर दर पंधरवड्याला त्या येत राहिल्या, प्रत्येक वेळी नवा कागद घेऊन.

दिवाळीनंतर मला कळलं की त्या नुसतं वाचून दाखवत नव्हत्या. वस्तीच्या समाजमंदिरात एक टेपरेकॉर्डर होता, जयंतीला गाणी लावायला घेतलेला. त्यांनी तो मागून घेतला. जुन्या, घासलेल्या कॅसेट जमवल्या, त्यांच्या कडेच्या खाचांत कागदाचे बोळे कोंबले, म्हणजे त्यांवर पुन्हा आवाज भरता येतो. दुपारी शेतावरून आल्या की दार लावून घ्यायच्या आणि साहित्यविचाराचं पुस्तक पानापानानं त्यात भरायच्या. आई कामावर गेली की तेजश्री ते हवं तितक्या वेळा ऐकायची.

मला काळजी वाटली. चुकीचं काही भरलं तर पोरगी परीक्षेत चुकीचंच लिहून देईल. म्हणून मी एक कॅसेट तपासायला मागून घेतली. रविवारी सकाळी चहा घेऊन, कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चुका टिपायच्या होत्या.

आधी कोंबड्यांचा आवाज आला. मग साखरबाईंचा. पुस्तकातली व्याख्या त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचली. मग थांबल्या. आणि मग स्वतःच्या बोलीत बोलू लागल्या.

"तेजे, आता उपमा. तुझा बाप भट्टीसारखा तापतो, असं मी म्हंते ना, ही उपमा. त्यातला 'सारखा' काढून टाक. तुझा बाप म्हंजी भट्टीच. हे झालं रूपक. मधलं अंतरच गेलं बघ." तेजश्रीचे वडील वालचंदनगरला कारखान्यात ओतकामाच्या भट्टीवर होते.

पुढे चेतनगुणोक्ती आली. "आपन म्हंतो, इहिरीवरची मोटर आज रुसली. मोटरला काय जीव हाय रुसायला? पर आपन तिला जीव देतो. हितं जीव देणारं आपन असतो, हे ध्यानात ठेव."

आणि निवेदकापाशी आल्यावर त्यांचा आवाज जरा खाली गेला. "ह्या गोष्टीत 'मी' येतंय. वाचते मी, पर ती मी न्हाय. लिहिणाराबी न्हाय. त्या दोघांच्या मधी एक तिसरंच मानूस उभं हाय, त्याचा ह्यो आवाज. त्याला वळख."

मी टेप थांबवली. नऊ वर्षं मी निवेदक शिकवत होतो. लेखक आणि निवेदक वेगळे, हे फळ्यावर रेघ मारून दाखवत होतो. तो तिसरा माणूस मात्र मला त्या सकाळी, कोंबड्यांच्या कलकलाटात पहिल्यांदा उभा असलेला दिसला. चहा निवून गेला होता. कागद कोराच होता. कॅसेट उलटी करून मी दुसरी बाजूही ऐकली, आणि ऐकताना आपण ताठ बसलो आहोत हे उशिरानं लक्षात आलं.

अकरा कॅसेट झाल्या. तेजश्री लेखनिक घेऊन पहिल्या वर्षाच्या परीक्षेला बसली आणि मराठीत कॉलेजात पहिली आली. तिचा पेपर मी नंतर पाहिला नाही, तशी परवानगीच नव्हती. पण निकाल लागला त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "सर, लिहून देताना मला आईच ऐकू येत होती."

दुसऱ्या वर्षापासून वर्गातल्या मैत्रिणी तिला वाचून दाखवू लागल्या, आणि साखरबाईंचं वाचन थांबलं. पुढे तिला पुण्यातल्या अंध विद्यार्थिनींच्या एका वसतिगृहात काही दिवस राहायला मिळालं. जाताना तिनं कॅसेट सोबत नेल्या. तिथल्या मुलींनी त्या ऐकल्या, उतरवून घेतल्या, मैत्रिणींना दिल्या. १९९६ साली, तेजश्री बी.ए. होऊन बारामतीला एम.ए. करत असताना, माझ्या नावावर कॉलेजात एक पत्र आलं. कॅसेट हातोहात मिळालेल्या, तेजश्रीला कधी न भेटलेल्या चार मुलींनी मिळून कुणाकडून तरी लिहून घेतलेलं; माझं नाव त्यांना तेजश्रीच्या मैत्रिणींकडून कळलेलं. 'उपमा-रूपक शिकवणाऱ्या वरकुट्याच्या प्राध्यापिका बाईंना आमचा नमस्कार सांगा. पहिल्या वर्षाचं आम्हाला सगळं समजलं. दुसऱ्या वर्षाचं त्या कधी करणार?'

ते पत्र घेऊन मी वरकुट्याला गेलो. साखरबाई गवताचा भारा टाकून नुकत्या बसल्या होत्या. मी वाचू लागलो, तर म्हणाल्या, "द्या इकडं, मी वाचते." बोट ठेवून त्यांनी सबंध पत्र वाचलं. 'प्राध्यापिका' या शब्दावर बोट थोडा वेळ थांबलं.

"ह्या कोण बाई, सर?"

"तुम्ही."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. तेजश्रीचं दुसरं वर्ष कधीच संपलं होतं, तिला आता त्या पुस्तकांची गरज नव्हती.

"दुसऱ्या वर्साला कायकाय असतं?" त्यांनी विचारलं.

पुढच्या गुरुवारी त्या कॉलेजात आल्या. ग्रंथालयातून मी काढून ठेवलेली तीन पुस्तकं पिशवीत घातली. जाताना दारात थांबून एक उघडलं, आणि पहिल्याच पानावरचा एक अवघड शब्द बोटानं दाबून धरला.

"ह्यो सांगा आधी," त्या म्हणाल्या, "मग जाते."